शेवटचं प्रकरण कापणाऱ्या बाई

खरं सांगा, तुमच्या डोक्यात जी मतं आहेत, त्यांतली किती तुम्ही स्वतः काढलीत आणि किती कुणाच्या तरी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उचललीत?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा माझ्यासमोर एक बाई दाढीच्या ब्लेडनं पुस्तक कापत होत्या.

पुस्तक नवंकोरं होतं. विकासाच्या अर्थशास्त्रावरचं, उशीएवढं जाड, एम.ए.ला लागणारं. दादरच्या दुकानात ते हातात घेऊन मी गुपचूप परत ठेवून आले होते. बाईंनी ते मांडीवर पालथं घातलं, मागून पानं चाळली, शेवटचं प्रकरण जिथं सुरू होतं तिथं बोट ठेवलं, चष्म्याच्या डबीतून ब्लेड काढलं आणि शिवणीच्या कडेनं एका दमात खाली ओढलं. बाजारात सुरमई साफ करणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पोट फाडते ना, तसं. पानांचा गठ्ठा सुटून त्यांच्या हातात आला.

"अहो बाई!" मी किंचाळलेच.

"काय झालं?"

"पुस्तक आहे ते!"

"मग? भोपळा आहे असं कोण म्हणतो?"

गठ्ठ्याला त्यांनी सुतळी बांधली, वर पुस्तकाचं नाव घातलं आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक पायानं ओढून त्यात टाकला. उरलेल्या पुस्तकाच्या शेवटी, जिथं वाक्य मधेच तुटलं होतं तिथं, जांभळ्या शाईनं दोन शब्द लिहिले: आणि तू?

मग पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच. वाचून झालं की ये आणि तुला काय वाटलं ते सांग. लेखकाला काय वाटलं ते त्यानंतर देईन."

मी ज्या घरात वाढले त्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील युनियनचं काम करायचे. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या डब्यांपेक्षा जास्त. अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' यावर. जेवायला बसताना खाली पत्रक, चिवडा पत्रकात, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत पत्रक. आणि पत्रकाची शिस्त अशी असते की शेवट आधी सांगायचा. काय करायचं ते ठळक अक्षरात, का करायचं ते बारीक. मोर्चाला या, हे डोक्यावर; कशासाठी या, हे पोटात. त्यामुळे पुस्तकाचा शेवट कापणं म्हणजे माझ्या हिशेबात माणसाचं डोकं उडवणं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं, "लालबागला एक वेडी बाई आहे."

आई म्हणाली, "शिकलेली आहे ना? मग असेल."

बाई पूर्वी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती आणि त्या खोलीत माणसानं राहावं अशी जागा पलंगापुरतीच होती. बाकी सगळी पुस्तकं. भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना, ग्रीकांचा इतिहास, मराठ्यांचा इतिहास, कीटकांवर एक प्रचंड ग्रंथ, व्याकरणं, कायद्याची पुस्तकं. काही विकत घेतलेली, काही कॉलेजांनी मोडीत काढलेली, काही मरून गेलेल्या प्राध्यापकांच्या मुलांनी 'घेऊन जा एकदाची' म्हणून दिलेली. खाली तळमजल्यावर मसाला कुटायची गिरणी होती. चैत्र-वैशाखात लाल मिरचीचा ठसका जिन्यानं वर चढायचा आणि पानापानांत जाऊन बसायचा. त्या खोलीतलं पुस्तक उघडलं की आधी शिंक, मग ज्ञान. बाई अभिमानानं सांगायच्या, "आमच्या पुस्तकांना कसर लागत नाही. तिलाही खोकला होतो."

पुस्तकं त्या कुणालाही द्यायच्या. ना वर्गणी, ना अनामत. अट एवढीच, शेवट मिळणार नाही. तो कमवायचा.

या अटीनं किती माणसं रडकुंडीला आली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इंजिनियरिंगची पोरं गणिताची पुस्तकं न्यायची आणि मागची उत्तरं गायब. "बाई, उत्तर बरोबर आहे की नाही ते कसं कळणार?" बाई म्हणायच्या, "पूल बांधशील तेव्हा मागं उत्तरं छापलेली असतात का रे? पडला की कळेल." नर्सिंगला असलेल्या एका मुलीनं शरीररचनेचं पुस्तक नेलं. त्यातलं शेवटचं प्रकरण होतं त्वचेचं. ती बिचारी परत आली, दारात उभी राहून म्हणाली, "बाई, हृदयाचं झालं, मूत्रपिंडाचं झालं. पण त्वचेचा निष्कर्ष मी काय काढू?"

"स्वतःची बघ की. हाताशीच आहे."

"आणि परीक्षेत आलं तर?"

'परीक्षा' हा शब्द ऐकला की बाईंचा चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा व्हायचा. मग ट्रंक ओढली आणि मुकाट्यानं त्वचा काढून दिली. माझ्या माहितीत अट मोडल्याची ती एकच वेळ.

हा वेडेपणा पुस्तकांपुरता असता तरी समजून घेतलं असतं. पण बाई नाटकालासुद्धा शेवटचा प्रवेश सुरू झाला की उठायच्या. परळला एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. खुनी कोण ते कळायच्या ऐन क्षणी या उभ्या! मागच्या रांगेतून "ओ आजी, बसा की!" आणि या लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर. नाटक सुटल्यावर मी बाहेर आले तर बाई गेटवर उभ्या राहून अनोळखी माणसांना थांबवत होत्या. "काय झालं शेवटी? मला वाटतं वकिलानं मारलं. नाही? मग नाटककार चुकला." एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, त्यानं लिहिलंय म्हणजे तसंच झालं ना!" बाई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की तो माणूस टॅक्सी येण्याआधीच पळाला.

'कोण म्हणतो?' हा त्यांचा पहिला प्रश्न. तुम्ही काहीही बोला. आज गरम होतंय, कोण म्हणतो? सरकार पडणार, कोण म्हणतो? तुम्ही नाव सांगितलंत की दुसरा प्रश्न तयार. आणि तू?

मी त्यांच्याकडे जात राहिले ते त्यांच्याशी भांडण्यासाठी. मला वाटायचं, ही चैन आहे. पेन्शन येतंय, दोन वेळचं जेवण भाचीकडून येतंय, मग माणसाला निष्कर्षाशिवाय जगायला काय जातं? एकदा तसं बोललेही. "बाई, भुकेल्या माणसाला निष्कर्ष लागतो. त्याला तुमचं अर्धं पुस्तक नको असतं."

"भुकेल्याला भाकरी लागते," बाई म्हणाल्या. "निष्कर्ष तुला लागतो."

त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं होतं. परळच्या एका शाळेचं मैदान पार्किंगला देण्याविरुद्ध. माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं पत्रक असं मला सगळे सांगत होते. बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, डबी उघडली आणि ब्लेडनं खालचा भाग कापून टाकला. 'म्हणून उठा! एकजूट व्हा! हाणून पाडा!' एवढी पट्टी जमिनीवर पडली.

"आता वाच," म्हणाल्या. "काय राहिलं?"

मी वाचलं. वरती मैदानाबद्दल दोन ओळी होत्या. ते कुणाचं, कधीपासूनचं, कोणत्या नियमानं देताहेत, पोरं आता कुठं खेळणार, यातलं काही नव्हतं. राहिलेल्या कागदावर फक्त विशेषणं होती.

मला इतका राग आला की मी ती पट्टी उचलून पर्समध्ये घातली आणि नमस्कारही न करता जिना उतरले. मधे काही दिवस मी त्यांच्याकडे गेलेच नाही. मग मैदानाची कागदपत्रं काढायला वॉर्ड ऑफिसात गेले, पत्रक पुन्हा लिहिलं, या वेळी शेवट न लिहिता. ते वाचून शाळेतल्या पोरांच्या आयाच म्हणाल्या, "मग आपण गेटवर बसूया की." मी हे बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं, कारण पुढच्या वेळी चहाबरोबर खारी बिस्किटं आली.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं. टॉवर होणार, तोवर सगळ्यांनी भाड्यानं दुसरीकडे जायचं, नंतर परत यायचं. नव्या इमारतीत तळमजल्यावर एक सामायिक खोली मिळणार होती. तरुण मंडळी म्हणाली, जिम करा. बाई म्हणाल्या, अभ्यासिका करा, माझी सगळी पुस्तकं देते. मी त्यांना आयुष्यात काही मागताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. कमिटीच्या मीटिंगला त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. "मी राहीन न राहीन," म्हणाल्या, "पुस्तकं लालबागमध्ये राहिली पाहिजेत. ती इथल्या पोरांची आहेत."

कमिटीचे सेक्रेटरी बाईंना मानणारे. एकेकाळी त्यांच्याच वर्गात बसलेले. ते म्हणाले, "बाई, मेजॉरिटी मी जमवतो. फक्त एक करू, कुणीतरी जाणकार पुस्तकं बघून जाऊ दे. चांगली आहेत, उपयोगाची आहेत असं त्यांनी लिहून दिलं की पोरांची तोंडं बंद."

जाणकार आले गिरगावातून. एका जुन्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. स्वच्छ पांढरा शर्ट, बारीक आवाज, पुस्तकाला हात लावण्याआधी रुमालाला हात पुसणारे. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, जिंकलो. भूगर्भशास्त्राचा एक ग्रंथ बघून तर ते म्हणाले, "अरे! हा आमच्याकडेही नाही." आणि तो काढून त्यांनी उघडला.

ग्रंथालयातली माणसं पुस्तक मागून उघडतात. शेवटचं पान आहे ना, ते आधी बघायचं, ही त्यांची रीत. ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते थांबले. दुसरं काढलं, मागून उघडलं. तिसरं. कीटकांचा ग्रंथ. मराठ्यांचा इतिहास. कापलेल्या कडेवरून त्यांचं बोट फिरत होतं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे उंदरांनी केलंय का?"

"नाही. मी."

"तुम्ही? शिकलेल्या माणसानं?"

"शिकलेल्या माणसानंच. उंदीर कुठून पण खातो."

ग्रंथपाल पलंगावर बसले. त्यांनी पाणी मागितलं. माझ्या डोळ्यांदेखत त्या सभ्य माणसाचे डोळे भरून आले. "सगळी?" त्यांनी विचारलं. "एकही पुरं नाही?" आणि मग, स्वतःशीच, "सूचीसुद्धा नाही हो यांना."

सेक्रेटरी घाईघाईनं पुढं झाले. "सर, टेन्शन नका घेऊ. कापलेली पानं आहेत, सगळी आहेत, त्या ट्रंकेत. बायंडर माझ्या ओळखीचा आहे. महिन्याभरात चिकटवून देतो. बाई, चालेल ना?"

सगळे बाईंकडे बघायला लागलो. त्यांना फक्त 'हो' म्हणायचं होतं. एका शब्दात खोली त्यांची होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"शेवट चिकटवून ठेवायचे असतील तर जिम करा. पोरांची छाती तरी वाढेल."

ग्रंथपालांनी काही लिहून दिलं नाही. जाताना जिन्यात मला म्हणाले, "त्यांना दवाखान्यात दाखवा." आणि खरं सांगते, मला ते पटलं.

मी तडक भाचीकडे गेले. तिला सगळे बेबीताई म्हणतात. त्याच चाळीत पहिल्या मजल्यावर राहायची, बाईंच्या मोठ्या भावाची मुलगी. पाटावर बसून ती कोळंबी सोलत होती. मी तोंडाला येईल ते बोलले. हट्टी आहेत, अहंकारी आहेत, आयुष्यभर जमवलेलं स्वतःच्या हातानं भंगारात घालताहेत, कशासाठी?

बेबीताईनं सोलणं थांबवलं नाही. "तुका म्हायत नाय?" म्हणाली. "तुला सांगितलं नाय तिनं? सांगणार कशी! आत्याचं पुस्तक होतं, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. बाईंनी स्वतः पुस्तक लिहिलं होतं हेच मला नवीन.

"कॉलेजात लागलेलं गो. उद्योगधंद्यांचं अर्थशास्त्र. शेवटचा धडा मुंबईच्या गिरण्यांवर. त्यात तिनं लिहिलेलं की मुंबईचा कापडधंदा बंद पडणं असंभवनीय आहे. कारणं तीन." बेबीताईनं कोळंबी सोलतच तीनही कारणं घडाघडा म्हणून दाखवली, पाढे म्हणावेत तशी. इतक्या वर्षांनंतर. "आणि माझा बापूस गिरणीत. साच्यावर, कापड विणायला. संप लांबला, गिरणी काय उघडेना. सगळे जाऊन मिळेल ते काम धरायला लागले. माझ्या बापसाक बँकेत शिपायाची नोकरी चालून आलेली. नाय घेतल्यान. आत्याच्या पुस्तकातला तो धडा फाडून खिशात ठेवलेला. कोणी काय बोललं की काढून दाखवायचा. 'माझ्या बहिणीनं लिवलंय. छापलंय. खोटं असतं तर छापलं असतं काय?' नाक्यावरच्या लोकांना वाचून दाखवायचा. त्यांतल्या पण काही जणांनी वाट बघितली."

"मग?"

"मग काय, बसला घरी. पंख्याकडे बघत. आणि मी त्याच वेळेला कॉलेजात, आत्याच्याच. परीक्षेला प्रश्न आला, मुंबईच्या कापड उद्योगाच्या भवितव्याविषयी लिहा. पेपर लिवताना माझ्या डोळ्यांसमोर बापूस. पण मी काय लिवलंय? असंभवनीय आहे. कारणे तीन." ती हसली. मला ते हसू बघवेना. "खरं लिवलं असतं तर मार्क गेले असते ना! उत्तर ठरलेलं होतं. पेपर तपासायला आत्याकडेच. तिनं अक्षर ओळखलं माझं."

"आणि?"

"पैकीच्या पैकी दिल्यान."

कोळंबीचं पातेलं बाजूला सरकवून तिनं हात धुतले. "घरी येऊन मला विचारलं, 'बेबी, तू हे खरं मानतेस?' मी म्हटलं, नाय. पण आत्या, पुस्तकात आहे. तिनं बापसाचं दाढीचं ब्लेड घेतलं आणि स्वतःचं पुस्तक कापलं. पहिलं ते. त्या दिवसापासून हे सुरू."

मी त्या बाईचा विचार करत होते. ती टेबलाशी बसली आहे, हातात लाल पेन आहे, भाऊ घरात पंख्याकडे बघतो आहे, त्याच्या मुलीनं आपलंच खोटं सुवाच्य अक्षरात लिहून आणलं आहे आणि उत्तरपत्रिकेच्या नियमानं ते बरोबर आहे. पेन चालतं. बरोबरची खूण होते. त्या कॉलेजच्या इतर वर्गांत, त्याच गिरणगावातली किती पोरं तेच लिहीत असतील! सगळ्यांचे वडील घरी. सगळी पास.

हे जुनं झालं असं समजू नका. कुठल्याही दुकानात जा आणि अपेक्षित प्रश्नांचं गाइड उघडा. 'निष्कर्ष' जाड टायपात, खाली चौकट. दुष्काळाचं कारण चौकटीत, बेकारीवर उपाय चौकटीत. दुष्काळी गावातून आलेला मुलगा ती चौकट पाठ करतो, घरी काय घडलं ते विसरून. त्याला मार्क मिळतात. मग तोच पुढं अधिकारी होतो आणि त्याच गावाला चौकट वाचून दाखवतो. हा गुन्हा नाही तर काय आहे?

मी दुसऱ्या दिवशी बाईंकडे जायचं ठरवलं. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं. जिन्याच्या तोंडाशी पोचले तर वरून माणसं उतरत होती, हातात पुस्तकं. एकाच्या डोक्यावर कीटकांचा ग्रंथ. कुणाच्या पिशवीतून कायदा डोकावतोय. गॅलरीत रांग लागली होती. दारात बाई उभ्या, घामाघूम, मिरचीनं खोकताहेत, आणि येईल त्याच्या हातावर पुस्तक ठेवताहेत.

"बाई, काय करताय हे!"

"वाटतेय."

"कुणाला?"

"सगळ्यांना. खोली नाही तर नाही. प्रत्येक घरात एक-एक तर मावेल." आणि रांगेतल्या बाईला, "तुला काय गो, मानसशास्त्र? सासूसाठी? घे, घे."

"आणि शेवट?"

"ते माझ्याकडे."

"अहो, माणसं इथून पांगणार! कोण विरारला, कोण डोंबिवलीला, कोण वरळीला बहिणीकडे! शेवट घ्यायला कोण येणार परत?"

बाईंनी ब्लेडची डबी चाचपली, जणू मलाही कापायचं होतं. "ज्याला राहवणार नाही तो," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत भिंती दिसायला लागल्या. त्यांचा रंग हिरवा होता हे मला त्या दिवशी कळलं. पलंग, स्टोव्ह आणि पत्र्याची ट्रंक, एवढंच उरलं. बाईंनी ट्रंक माझ्याकडे ढकलली. "ही तुझ्याकडे असू दे. तुला शेवट आवडतात."

मी विचारलं, "तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण यात आहे?"

बेबीताईनं मला सांगितलं हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी माझ्या प्रतीतलं कापलं ते तेव्हाच चुलीत घातलं. दादाच्या खिशातलं राहिलं होतं. त्यानं ते कधी काढू दिलं नाही. तसाच, खिशातल्या कागदासकट, स्मशानात नेला त्याला." मग, "तेवढं एक कुणाला देता येणार नाही. बाकी सगळी आहेत."

चाळ पडली तेव्हा बाई भाड्याच्या घरात होत्या, बेबीताईबरोबर. टॉवर उभा राहताना बघायला त्या रिक्षा-टॅक्सी करून कधी आल्या नाहीत. मला म्हणायच्या, "किती मजले होणार ते मी ओळखलंय. तू सांगू नकोस." इमारत पुरी होण्याआधी त्या गेल्या. शेवटच्या आजारात डॉक्टर बोलायला लागले की हातानं थांबवायच्या. "तुमचं नंतर. आधी माझं ऐका."

ट्रंक अजून माझ्या घरी, डिलाईल रोडला आहे. ती उघडून सगळं वाचून काढावं असं मला कितीदा वाटलं! नुसते निष्कर्ष, सगळ्या विद्यांचे, सुतळीत बांधलेले. माझ्यासारखीला यापेक्षा मोठा मोह कोणता? पण ट्रंक उघडली की मिरचीचा ठसका येतो, आणि ठसक्यापाठोपाठ बाईंचा तो आवाज. मी झाकण लावते.

नवी इमारत आता झाली आहे. तळमजल्यावरची ती खोली रिकामी आहे. सेक्रेटरींनी कसाबसा वेळ मागून घेतलाय. गुढीपाडव्याच्या मीटिंगला खोलीत पुस्तकं दिसली तर अभ्यासिका, नाही दिसली तर ट्रेडमिल येणार. बेबीताईनं आपल्याकडची मांडणी आणून ठेवली आहे. गिरगावच्या ग्रंथपालांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी रुमालाला हात पुसले. मग म्हणाले, "बायंडिंगचं काम मी स्वतः शिकवतो. पण पुस्तक वाचून झाल्यावरच शेवट लावायचा ना? बरं." मांडणीवर अजून एकही पुस्तक नाही.

म्हणून सांगते, आज घरी गेलात की माळ्यावर चढा. तुम्ही लालबागचे असाल, किंवा तुमचे आईवडील, सासूसासरे त्या चाळीतून आले असतील, तर जुन्या भांड्यांमागं, गणपतीच्या मखरामागं हात घाला. एखादं जाड पुस्तक लागेल. उघडल्यावर शिंक आली आणि शेवटचं वाक्य मधेच तुटलेलं दिसलं तर ते बाईंचं. ते खाली काढा. रद्दीत घालू नका, तसंच उचलून माझ्याकडे आणूही नका. आधी वाचा. सगळं नाही झेपलं तर जेवढं झेपेल तेवढं. मग पाडव्याआधीच्या कुठल्याही रविवारी सकाळी त्या खोलीत या. मी ट्रंक घेऊन बसलेली असेन. तुमचा शेवट तुम्हाला मिळेल, तो वाचून पुस्तक मांडणीवर ठेवा.

पण सुतळी सोडण्याआधी मी विचारीन. लेखकाचं राहू द्या. जांभळ्या शाईत लिहिलेल्या त्या दोन शब्दांचं उत्तर घेऊन या.